नुसत्या एकांची मूळ संख्या

ऑक्टोबर २०२४ मध्ये तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली. तिच्यात ४ कोटी १० लाखांहून अधिक अंक आहेत. अशा बातमीच्या शेपटाला एक वाक्य ठरलेलेच असते: अशा संख्यांमुळे बँकेचे व्यवहार सुरक्षित राहतात. हे अर्धसत्य आहे. ऑनलाइन व्यवहारांच्या कुलपांत मूळ संख्या वापरतात, पण त्या साधारण ३०० अंकी असतात आणि गुप्त असाव्या लागतात. पेपरात छापून आलेली संख्या किल्ली म्हणून काय कामाची?

मुलांना गणिताची गोडी लावायला असा ओढूनताणून आणलेला उपयोग लागतच नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेत, मग ती चिखलीची असो की लोणारजवळच्या खेड्यातली, एक फळा आणि एक खडू पुरे आहे.

फळ्यावर फक्त एक हा अंक लिहीत जायचे. ११ ही मूळ संख्या. १११ नाही, कारण ३ गुणिले ३७. ११११ ला ११ ने भाग जातो. १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१. सहा एक लिहिले, तर १११ गुणिले १००१. इथे सातवीतले पोरही नियम पकडते: एकांची मोजदाद ६ सारखी संयुक्त असेल, तर संख्या फुटणारच. मोजदाद मूळ असली तरी खात्री नाही. ३, ५, ७ तिथे फसतात. २ नंतर थेट १९ एकांची संख्या मूळ निघते. मग २३. त्यानंतर एकदम ३१७ आणि १०३१. पुढच्या ४९,०८१ एकांची संख्या मूळ असावी असा अंदाज १९९९ मध्ये आला. सिद्धता मिळायला २०२२ उजाडले.

या एकांच्या नादी लागलेला एक मराठी शिक्षक होऊन गेला, द. रा. कापरेकर. देवळालीत शाळा शिकवता शिकवता त्यांनी १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांचा अभ्यास केला. हे एकांच्याच संख्यांचे वर्ग. डोंबिवलीच्या जुन्या नावावरून त्यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटले. पदव्युत्तर शिक्षण नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. इथल्या अनेक विद्वानांनी हा पोरखेळ मानला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकी मासिकात लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले.

आपल्या शाळांत मात्र मूळ संख्या शंभरापर्यंत गोल करून संपतात. २२ डिसेंबरच्या गणित दिनाला रामानुजनांच्या फोटोला हार, दोन भाषणे, रांगोळी आणि सुट्टी. त्याऐवजी एक तास हा एकांचा खेळ ठेवावा. पटापट उत्तरे देणाऱ्या शिष्यवृत्तीच्या पोरांपेक्षा मागच्या बाकावरचा एखादा त्यात जास्त रमेल. अशा मूळ संख्या पुढे कुठेतरी संपतात की अनंत आहेत, हे जगात अजून कुणीही सिद्ध केलेले नाही. वर्गात कुणी विचारले, तर गुरुजींनी तेही तसेच सांगावे.