नदीकाठची वाट कुणाची?

नागझिऱ्याची सहल आटोपून परतलेले आमच्या धर्मग्रामातील एक सुविद्य गृहस्थ रविवारच्या मिस्साबलीनंतर चर्चच्या आवारात मोठ्या उत्साहाने आपले अनुभव सांगत होते. अस्वल दिसले, रानगव्यांचा कळप दिसला, वाघाने मात्र दर्शन दिले नाही, इथवर सारे ठीक होते. पुढे ते म्हणाले, "फादर, एक गोष्ट मात्र खटकली. परतताना नदीच्या काठाने थोडे चालावे म्हटले, तर तिथे गुरे काय, मासे धरणारे काय, डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बाया काय! निसर्गात जाऊनही माणसांची गर्दी काही चुकत नाही. सरकारने निदान नदीकाठ तरी या लोकांपासून मोकळा करायला हवा." भोवतालच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मीही त्या क्षणी काही बोललो नाही, आणि ते न बोलणे तेव्हापासून मला टोचत आहे. हा लेख म्हणजे त्या मौनाची उशिरा केलेली भरपाई समजावी.

"या लोकांपासून" हा शब्दप्रयोग वाचकांनी जरा थांबून पाहावा. ओळीने निघालेल्या जीपगाड्यांतील एका जीपमध्ये हे गृहस्थ बसले होते, पण त्यांच्या हिशेबी ती गर्दी नव्हे. सरपणाची मोळी घेऊन घरी निघालेली बाई ही मात्र गर्दी!

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी या गावी एका उन्हाळ्यात आठ दिवस राहण्याचा योग मला आला होता. नागपुरातही एक दिघोरी असल्यामुळे पत्ता सांगताना घोटाळा होतो. लोक हिला दिघोरी मोठी म्हणतात. या भागाची नदी चुलबंद. गायखुरीच्या डोंगरात उगम पावून, साकोली आणि लाखांदूर तालुक्यांना पाणी पाजत ती पुढे वैनगंगेला मिळते. उन्हाळ्यात तिचा प्रवाह रोडावतो, वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि डोह तेवढे निळे राहतात. मी रोज पहाटे काठाने फिरायला जात असे, आणि पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आले की फिरायला आलेला असा मी एकटाच आहे. बाकीचे सारे कुठेतरी निघालेले होते. ढिवर खांद्यावर जाळे टाकून डोहाकडे, गुराखी जनावरे घेऊन पाणवठ्याकडे, मोहफुले वेचणाऱ्या बाया टोपल्या घेऊन झाडांकडे, तर कुणी पलीकडच्या गावी लग्नाला. एका म्हाताऱ्या ढिवरबाबांना मी सहज विचारले, "बाबाजी, ही वाट कुणी काढली?" ते हसले. "वाट कोणी काढते का, फादरजी? चालत गेलो, पडत गेली."

या उत्तरात एक संपूर्ण न्यायशास्त्र सामावलेले आहे असे माझे मत आहे. वाट ही वापराने सिद्ध होते, आणि जिच्यावर सर्वांची पावले पडली ती सर्वांची असते. आज शहरांत ज्याला मोठ्या कौतुकाने सामायिक निसर्गमार्ग म्हणतात, पादचारी, सायकलस्वार आणि निसर्गप्रेमी यांनी मिळून वापरावयाचा मार्ग, तो चुलबंदच्या आणि वैनगंगेच्या काठी कित्येक पिढ्यांपासून आहे. त्याला फलक नाही आणि तिकीटखिडकी नाही, एवढाच काय तो उणेपणा.

आता ही उणीव भरून काढण्याचे दिवस आले आहेत. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचा पायाभरणी समारंभ एप्रिल १९८८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाला. ३७२ कोटींचा म्हणून सुरू झालेला हा प्रकल्प खर्चाने कित्येक पटींनी फुगला, पवनी आणि भंडारा तालुक्यांतील गावे उठली, लोक नव्या वसाहतींत गेले. मागे राहिलेल्या अफाट जलाशयावर आता जलपर्यटनाच्या योजना आखल्या जात आहेत. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी यांचा जिथे संगम होतो त्या आंभोऱ्याला जानेवारी २०२४ मध्ये नवा केबल-स्टेड पूल खुला झाला. त्याच्यावर चढून पाणी न्याहाळण्यासाठी सज्जा आहे आणि सुटीच्या दिवशी तिथे झुंबड उडते. मी या पुलाच्या विरुद्ध नाही. माणसाने उंचावरून नदी पाहावी, मुलांना दाखवावी, त्याचे मन विशाल व्हावे, यात वाईट ते काय? परंतु त्या सज्जातून खाली दिसणाऱ्या पाण्याकडे जरा निरखून पाहावे, एवढीच माझी विनंती. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान ते वैनगंगेत आणून सोडते. म्हणजे जे शहर रविवारी नदीच्या सौंदर्याचा आस्वाद घ्यायला येते, तेच आठवडाभर त्या नदीत आपली घाण पाठवीत असते. जलाशयात डोंगा घालणाऱ्या ढिवराला ते पाणी रोज अंगावर घ्यावे लागते. नदीकाठ "स्वच्छ आणि मोकळा" करण्याची सुरुवात कुणापासून करायची, याचे उत्तर मला या नकाशातच दिसते.

मासे, मोळ्या आणि गुरे ही सौंदर्यदृष्टीला खुपणारी अतिक्रमणे आहेत, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी थोडा इतिहास. भंडारा जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात होता. मालगुजारीच्या काळातही रानातले सरपण, चराई, पाणवठा आणि जाण्यायेण्याची वाट यांवरील गावाचा हक्क मान्य केलेला होता, आणि त्याला निस्तार असे नाव होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, निस्तार राहिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्यात निस्तारपत्रकाची तरतूद आहे, तशीच वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजाचीही. या दुसऱ्या दस्तऐवजात वहिवाटीच्या वाटेचा आणि मासेमारीचा हक्क नोंदवून ठेवावा असे कायदाच सांगतो. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्ताराला नावानिशी सामूहिक हक्क म्हटले, मासे आणि जलाशयातील इतर उत्पन्न, चराई, हंगामी वापर हे सारे त्यात घातले आणि ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिला. शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये हा सामूहिक हक्क मिळवून दाखवला. याच कायद्यात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा तेरा सुविधांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने थोडी वनजमीन वापरता येईल अशी सवलत आहे. त्या तेरांत पर्यटनाचे नाव नाही. आमच्या गृहस्थांना हे ठाऊक नसावे. मलाही दिघोरीला जाईपर्यंत ठाऊक नव्हते, हे कबूल केले पाहिजे. सेमिनरीत आम्हांला चर्चचे कायदे पुष्कळ शिकवले, जमिनीचे एकही नाही.

ज्या पाश्चात्त्य देशांतून सहलीची आणि पदभ्रमणाची ही आवड आपण उचलली, तिथला अनुभव काय सांगतो? इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील शेकडो कामगार तरुण किंडर स्काऊट नावाच्या डोंगरपठारावर मुद्दाम चढले, कारण जमीनदारांनी शिकारीसाठी ते पठार राखून लोकांना बंद केले होते. पाच तरुणांना तुरुंगवास झाला. त्यानंतर सतरा वर्षांनी, १९४९ मध्ये, पायवाटांची नोंद करण्याचा आणि राष्ट्रीय उद्यानांचा कायदा तिथे झाला. स्कॉटलंडने २००३ मध्ये आणखी पुढे जाऊन जमीन कुणाचीही असो, जबाबदारीने वागणाऱ्याला तिच्यावरून चालण्याचा हक्क दिला. स्वीडनमध्ये तर ही परंपराच आहे. थोडक्यात, त्या देशांत श्रीमंताने अडवलेली वाट गरिबासाठी उघडावी म्हणून लढा झाला. आपण त्यांचे बूट घेतले, पाठीवरच्या पिशव्या घेतल्या आणि लढा मात्र उलटा लढायला निघालो आहोत. गरिबाची चालती वाट त्याच्यासाठी बंद करून ती तिकिटावर आपल्यासाठी उघडा, अशी ही आपली मागणी!

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. फादर, तुमचे हे सारे खरे, पण वाघाचे काय? माणसे अशीच सर्वत्र फिरत राहिली तर वन्यजीव कुठे जातील, आणि माणसांच्या जिवाचे काय? प्रश्न रास्त आहे. वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा या टापूत तेरा माणसांचा जीव घेणारा सीटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात बेशुद्ध करून पकडण्यात आला. त्या तेरांतले चौघे भंडारा जिल्ह्यातले होते. जंगलाच्या वाटेचा रोमान्स मी लिहीत बसलो तर त्या घरांचा तो अपमान होईल. परंतु या घटनेतून निष्कर्ष कोणता निघतो, ते नीट पाहिले पाहिजे. असे जीव जातात ते बहुधा पोटासाठी रानात गेलेल्या माणसांचे, हौसेने गेलेल्यांचे नव्हे. म्हणून पहाटेच्या अंधारात रानात जाऊ नये, एकट्याने वाकून फुले वेचू नयेत, वाघाचा वावर असलेली वाट काही काळ सर्वांनीच सोडावी, हे नियम हवेतच, आणि ते गावाने बसून ठरवले तर पाळले जातील. वाघसुद्धा या वाटेचा एक वाटेकरी आहे. नागझिऱ्यातला 'जय' वैनगंगा ओलांडून २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात गेला आणि २०१६ पासून बेपत्ता झाला, हे अनेकांनी वाचले असेल. त्याला नदीकाठची झाडी लागते. ती झाडी त्याच्यासाठी राखायची असेल तर काही ठिकाणी गावकऱ्याने थांबावे लागेल, हे मला मान्य आहे. पण मग पर्यटकाने त्याच्या आधी थांबावे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ मध्येच गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांहून अधिक भागात पर्यटन नको असे ठरवून दिले आहे. गुराख्याला वाघाचे नाव सांगून हाकलायचे आणि त्याच काठावर विश्रामगृहाचे दिवे रात्रभर जाळायचे, हा युक्तिवाद वाघालाही पटणारा नाही.

असल्या एका नदीकाठच्या विश्रामगृहाशी माझी गाठ पडली होती. नाव-गाव सांगत नाही. पूर्वी ज्या पांदणीने बैलगाड्या घाटावर उतरत, तिच्यावर तारेचे कुंपण आले होते. रखवालदाराने माझा पांढरा झगा पाहून अदबीने फाटक उघडले. माझ्या मागून कपड्यांचे गाठोडे घेऊन येणाऱ्या बाईला त्याने थांबवले. मी आत गेलो, एवढेच नव्हे, तर काठावर बसून चहाही घेतला. त्या बाईला लांबून वळसा घालून जावे लागले असणार, हे माझ्या ध्यानात आले ते चहा संपल्यावर. तेव्हा आमच्या गृहस्थांना दोष देताना मी स्वतःला वगळत नाही.

आपल्या सहलींविषयीही थोडे बोलले पाहिजे. धर्मग्रामाची सहल म्हटली की दोन बसगाड्या, ध्वनिक्षेपक, कागदी म्हणून विकल्या जाणाऱ्या पण आतून प्लास्टिक चोपडलेल्या पत्रावळ्या आणि संध्याकाळी निघताना मागे उरलेला ढीग, हे चित्र कुणाला अपरिचित आहे? वैनगंगेच्या वाळूत उन्हाळ्यात डांगरवाड्या लावतात. नदीचे पाणी ओसरले की ढिवर कुटुंबे तिथे झोपडी घालून डांगरांची राखण करतात. अशा वाडीत शिरून फळे तोडणारे आणि वर "नदी काय तुझ्या बापाची?" असे विचारणारे सहलकरी मी डोळ्यांनी पाहिले आहेत. ते आपल्या धर्माचे नव्हते, एवढेच समाधान. तेही कितपत टिकेल कोण जाणे.

वसईच्या वाचकांना तर हे सारे अनोळखी वाटू नये. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी जो लढा उभारला, तो पाण्याचा आणि जमिनीचा होता, आणि त्यात आपण लुटले जाणारे होतो. विहिरींचे पाणी टँकरने शहराकडे जाताना आपला जीव कसा तळमळला, ते आठवावे. चुलबंदच्या काठी गेल्यावर मात्र आपण शहराच्या बाजूचे होतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात सुंदर स्थळे खासगी होऊन सामान्य माणसाला बंद होतात याची नोंद खेदाने केली आहे. ते परिपत्रक आपण धर्मग्रामांत वाचले, त्यावर झाडे लावली, मुलांच्या चित्रस्पर्धा घेतल्या. तो एक परिच्छेद मात्र आपल्या वाचनातून निसटला असावा.

तेव्हा माझे म्हणणे असे. चुलबंदच्या वा वैनगंगेच्या काठी उद्या कुणी निसर्गमार्ग आखणार असेल, तर आराखडा कार्यालयात उघडण्यापूर्वी ग्रामसभेत उघडावा. गुरांची पाणवठ्याची वाट, डोंगे लावण्याची जागा, डांगरवाड्यांची वाळू, मोहाची झाडे, स्मशानाकडे जाणारी पांदण, हे सारे आधी नकाशावर उमटावे आणि मग उरलेल्या जागेतून आपली सायकल जावी. मार्ग झाल्यावर त्याच्यावर गावकऱ्याला तिकीट नसावे, आणि आपल्याला असलेल्या तिकिटाचा वाटा ग्रामसभेकडे जावा. याने मार्ग थोडा वाकडा होईल. काही ठिकाणी शेण लागेल. ज्यांना शेण चालत नाही त्यांच्यासाठी शहरात पुष्कळ उद्याने आहेत.

येत्या डिसेंबरात आमच्या धर्मग्रामाची सहल त्याच बाजूला न्यायचे ठरले आहे. एकच बस, ध्वनिक्षेपक नाही, ताटवाट्या घरच्या. डोंग्यात बसायचे असेल तर ढिवर सांगतील तो भाव, घासाघीस करायची नाही. त्या गृहस्थांनी पहिले नाव नोंदवले आहे. आपल्या मतावर ते अजून ठाम आहेत. गोंदियाकडे जाणाऱ्या रेल्वेत आम्हांला रात्रभर वाद घालता येईल.