न आलेली जिलबी

पहिल्या तारखेला पगार झाला, की घरी येताना अर्धा किलो जिलबी आणायची, असा नेम मी मागे सुरू केला होता. पहिल्या महिन्यात पुडा सोडताच मुलांनी अशी आरोळी ठोकली, की खालच्या बिऱ्हाडातून चौकशी झाली. पुढे चार-सहा महिन्यांत ती आरोळी जिन्यावर सरकली. माझी पावले वाजली, की दार उघडून दोघे नाचू लागत. पुडा सुटल्यावर मात्र जिलबी अशी निमूट खात, की जणू रोजचा वरणभातच! आणि एका पहिल्या तारखेला मी जिलबी विसरलो. दोन चेहरे असे उतरले, की मी त्यांच्या हक्काचे काही हिरावूनच घेतले होते. "सवय लावायचीच कशाला?" इति आमच्या सौभाग्यवती.

दुसऱ्या दिवशी ही हकिगत मी आमच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकमित्रांना सांगितली. ते चहाचा पेला खाली ठेवून हसत सुटले. "अहो, शुल्ट्झसाहेबांचा प्रयोग तुमच्या जिन्यावर झाला की!"

वाचकहो, हे वोल्फ्राम शुल्ट्झ स्वित्झर्लंडमधील फ्रिबुर्ग येथे माकडांच्या मेंदूतील पेशींचा अभ्यास करीत होते. मेंदूच्या मध्यभागी डोपामिन नावाचे द्रव्य सोडणाऱ्या काही पेशी असतात. त्यांच्याजवळ अतिबारीक तार नेऊन त्यांचे विजेचे ठोके त्यांनी ऐकले. माकडाच्या तोंडात अवचित फळाच्या रसाचा थेंब पडला, की ठोके भराभर वाढत. मग रसाच्या आधी दिवा लावण्याचा क्रम सुरू झाला. माकड तो शिकले आणि पेशी दिव्यालाच दाद देऊ लागल्या. रस आला तरी त्यांना त्याचे काहीच वाटेना! आणि दिवा लागूनही रस दिला नाही, तर तो यायच्या नेमक्या क्षणी पेशी चिडीचूप होत. १९९७ साली पीटर डायन व रीड माँटेग्यू यांच्यासह त्यांनी याचा अर्थ मांडला. या पेशी सुख मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्राप्ती यांतली तफावत मोजतात. तफावत हाच त्यांचा धडा. जे ठरल्याप्रमाणे मिळाले, त्यातून नवे शिकण्यासारखे काय उरले?

हे ऐकून मला माझ्या लाल शाईची आठवण झाली. गेली वीस वर्षे मी प्रत्येक निबंधाखाली 'छान' लिहीत आलो आहे. ते 'छान' आता कोणी वाचतही नसेल. पण एखाद्या वहीत ते राहून गेले, तर ती वही उघडणाऱ्याला तेवढी एक उणीव दिसत असेल.

"आणि भीतीचे काय हो?" मी विचारले. हा प्रश्न मी का विचारला, ते मित्रांना ठाऊक नव्हते.

काही वर्षांपूर्वी खेडेगावातून आलेला एक मुलगा वर्गात कविता वाचत होता. 'पाणी'चे 'पानी' झाले. मी म्हणालो, "काय रे, तुझा 'ण' एस. टी.त राहिला का?" वर्ग हसला. मीही हसलो. त्या मुलाने त्यानंतर माझ्या वर्गात तोंड उघडले नाही.

मित्र सांगू लागले. मेंदूत बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, भीतीचे धडे तिथे गिरवले जातात. उंदराला एक सूर ऐकवून पायाला विजेचा हलका झटका दिला, की थोड्याच वेळात नुसत्या सुरानेही तो थिजतो. पुढे झटक्यावाचून तोच सूर पुन्हा पुन्हा ऐकवला, तर भीती ओसरते. पण पुसली जात नाही! २००८ साली बाझेल येथील संशोधकांना त्या बदामात दोन जातींच्या पेशी सापडल्या. भीती असताना एक जात जागी, ती ओसरल्यावर दुसरी. आणि जिथे झटका बसला होता, त्याच जागी उंदराला परत नेले, की पहिल्या पेशी पुन्हा जाग्या होतात. नवा धडा जुन्या धड्यावर लिहिला जातो. खालची अक्षरे तशीच राहतात.

मी गप्प झालो. कारण पुढे मी त्या मुलाची क्षमा मागितली होती. चार महिने रोज दुपारी तो माझ्या खोलीत येऊन कविता वाचत असे. वाचता वाचता खुलत असे. मला वाटले, फिटले! वर्षअखेर मी त्याला त्याच वर्गात, त्याच बाकाजवळ उभे केले. पहिल्याच ओळीत त्याचा आवाज कापू लागला. तेव्हा मला त्याचा थोडा रागही आला होता. आज कळते, की चूक त्याच्या धैर्याची नव्हती. माझ्या खोलीतला धडा खोलीपुरता होता. वर्गातला धडा वर्गातच गिरवायला हवा होता, अनेक दिवस, कोणी न हसता.

जिलबी अजूनही आणतो. पण तारीख ठरलेली नाही. 'छान' आता जपून लिहितो, आणि काय छान ते एका ओळीत सांगतो. विनोद मात्र जिभेवर आला, की आधी समोरच्या मुलाकडे पाहतो. हसून झाले, की वर्ग विसरतो. तो विसरेलच असे नाही.