चाळीस दिवस आणि त्यानंतरचा दिवस

प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की बाळकुम परिसरातील अनेक कॅथलिक घरांतून बाटली नाहीशी होते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मद्याला स्पर्श न करण्याची ही प्रथा जुनी आहे आणि ती पाळणाऱ्यांविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि या प्रथेचा एक विपर्यासही आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. पत्नी तक्रार घेऊन येते आणि पती शांतपणे सांगतो, "फादर, मी व्यसनी असतो तर चाळीस दिवस राहू शकलो असतो का?"

या प्रश्नापुढे आम्ही पूर्वी निरुत्तर होत असू. आज तसे होत नाही. मद्यपाश हा आजार माणूस किती दिवस थांबला यावरून नव्हे, तर पहिला पेला घेतल्यावर त्याला थांबता येते की नाही यावरून ओळखावा लागतो. ईस्टरच्या रात्री जे घडते, तेच खरे उत्तर असते.

२०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या, दिल्लीच्या एम्सने केलेल्या सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्यामुळे निर्माण झालेल्या समस्यांसाठी मदतीची गरज आहे. मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकापर्यंत कोणता तरी उपचार पोहोचतो. उरलेले ३७ जण कुठे असतात? काही आपल्याच बाकांवर बसलेले असतात.

अशांसाठी विनामूल्य उपलब्ध असलेला एक मार्ग म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, अर्थात ए. ए.च्या सभा. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद या दोन मद्यपींच्या भेटीतून ही चळवळ जन्मली. ही कुठल्या तरी परक्या पंथाची प्रार्थनासभा आहे, असा संशय आमच्याकडे अनेकांनी बोलून दाखवला आहे. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, त्याच अॅक्रनमध्ये १९३९ पासून सेंट थॉमस रुग्णालयाचे दार मद्यपींसाठी उघडणारी सिस्टर इग्नेशिया ही कॅथलिक धर्मभगिनी होती आणि संस्थापक बिल विल्सन यांना १९४० पासून आध्यात्मिक आधार देणारे फादर एडवर्ड डाऊलिंग हे येशूसंघीय होते. भारतात हे कार्य १९५७ साली सुरू झाले. आपल्या मुंबई महाधर्मप्रांतातील फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे कृपा फाउंडेशन स्थापन करून ए. ए.च्या बारा पायऱ्यांना योगाची जोड दिली, हे तर सर्वश्रुत आहे.

सभेत नेमके काय होते, याची भीती मात्र अनेकांना अडवते. प्रत्यक्षात तेथे नावनोंदणी नसते, शुल्क नसते, कोणी उपदेशही करीत नाही. तास-दीड तास माणसे आळीपाळीने स्वतःची कहाणी सांगतात. नवख्याने बोललेच पाहिजे असे नाही. काही सभा 'खुल्या' असतात, तेथे कुटुंबीयही बसू शकतात. 'बंद' सभा केवळ मद्यपींसाठी असतात. पत्नी आणि नातलगांसाठी अल-अॅनॉन ही १९५१ साली सुरू झालेली निराळी संघटना आहे. नवऱ्याने नकार दिला तरी बायकोने तिथे जाण्यास काहीच हरकत नसते, ही गोष्ट आमच्या भगिनींना क्वचितच ठाऊक असते.

बाळकुमसारख्या गावठाणाची अडचण निराळीच आहे. कोलशेत रस्त्यावर मनोरे उभे राहिले, तरी जुन्या वस्तीत प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो. "लोक काय म्हणतील" हा प्रश्न येथे रोगाहून मोठा होतो. (तोच मनुष्य भर रस्त्यात झोकांड्या खातो तेव्हा लोक काय म्हणतात, हे विचारण्याचा मोह आम्हास अनेकदा होतो.) ज्यांना संकोच वाटतो त्यांनी ठाणे, मुलुंड किंवा डोंबिवलीकडील सभेची चौकशी करावी, स्वतःच्या गावातच गेले पाहिजे असा नियम नाही. वेळ, ठिकाण आणि सभेची भाषा आधी विचारून घ्यावी आणि पहिल्या दिवशी सोबत कोणाला तरी न्यावे. पक्षाघाती माणसालाही चौघांनी उचलूनच प्रभूसमोर नेले होते. मार्गदर्शनासाठी शासनाचा १४४४६ हा विनाशुल्क क्रमांकही आहे.

२०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला की, मद्यापासून संपूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ए. ए. आणि तिच्याशी जोडणारे उपचार अन्य मानसोपचारांच्या तोडीचे, बहुधा सरसच ठरतात. तरीही सभा म्हणजे वैद्यकीय उपचार नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने राखेच्या बुधवारी एकाएकी दारू तोडल्यास दोन-तीन दिवसांत कंप, आकडी, भ्रम अशी लक्षणे उद्भवू शकतात आणि प्राणावरही बेतू शकते. अशा माणसाने आधी डॉक्टरांना भेटावे. धार्मिक नवस हे त्याला पर्याय नव्हेत.

धर्मग्राम परिषदांपुढे आम्ही एक मुद्दा ठेवू इच्छितो. आपली सभागृहे लग्नसमारंभांना मिळतात आणि तेथील पेयपानाकडे आपण सोयीस्करपणे पाहत नाही. त्याच सभागृहातील एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ या सभेसाठी द्यायला काय हरकत आहे? ए. ए. बाहेरून देणग्या घेत नाही. जमलेल्यांनी टोपीत टाकलेल्या पैशांतूनच खर्च भागवते. त्यामुळे खोली फुकट देऊ केली तरी ते भाडे देण्याचा आग्रह धरतील. परिषदेने ते नाममात्र भाडे घ्यावे, पावती द्यावी आणि सभेच्या वेळी त्या दाराशी कोणी रेंगाळणार नाही एवढे पाहावे.