शेवटची एसटी किती वाजता?

गेल्या महिला दिनाला तालुक्याच्या एका कॉलेजात पाहुणी म्हणून गेले होते. विषय होता ‘तरुणींना मार्गदर्शन’. स्वप्नं, जिद्द, आत्मविश्वास, सगळं बोलून झालं. कुणाला काही विचारायचंय का, म्हटल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ‘‘मॅडम, आमची शेवटची एसटी सव्वापाचला असते. जाऊ का?’’ घड्याळात पाच वाजून गेले होते. सगळे हसले, मी मात्र ओशाळले.

परतताना म्हसवडच्या बायकांची गोष्ट आठवली. चेतना गाला-सिन्हा मुंबईच्या, जेपींच्या (जयप्रकाश नारायण यांच्या) चळवळीने भारलेल्या पिढीतल्या. लग्नानंतर त्या साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या म्हसवडला राहायला आल्या. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणारी एक बाई एकदा त्यांच्याकडे आली. पावसात लेकराबाळांवर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा, म्हणून तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते आणि बँक खातं उघडून देत नव्हती. मग आपणच बँक काढू, असं ठरलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला. कारण, अर्जदार बायकांचे अंगठे होते, सह्या नव्हत्या.

चेतनाताई रडवेल्या होऊन गावी परतल्या. बायका म्हणाल्या, त्यात रडायचं काय? शिकू आणि पुन्हा अर्ज करू. दिवसभराची कामं उरकून त्यांनी अक्षरं गिरवली. काही महिन्यांनी त्या स्वतःच मुंबईला रिझर्व्ह बँकेच्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, त्यात आमचा काय दोष, असं त्यांनी विचारलं. वर म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो; तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता सांगू द्या! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

या गोष्टीत मार्गदर्शक कोण? शिकलेली बाई हरून आली होती आणि अंगठाबहाद्दर बायकांनी तिला उठवलं. माणदेशीचं पुढचं काम याच धड्यावर चाललं, असं मला वाटतं. बँकेत यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, हे बायकांकडूनच कळलं. मग बँक त्यांच्या दारात गेली. पुढे ग्रामीण बायकांसाठी व्यवसायाचं शिक्षण देणारी शाळा निघाली. ज्यांना तिथवर येणं जमेना त्यांच्यासाठी शाळाच बसमध्ये बसवून गावोगाव नेली. २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षपदापर्यंत चेतनाताई पोचल्या, तरी त्या सांगत राहिल्या त्या या बायकांच्याच गोष्टी.

अशा गोष्टी ऐकून आपण टाळ्या वाजवतो आणि एसटी आगाराला, बँकेला, सरकारला मोकळं सोडतो. तेही बरोबर नाही. एका म्हसवडमध्ये जिद्दीने झालं, म्हणून प्रत्येक गावच्या मुलीने दर वेळी जिद्दच दाखवायची का? संध्याकाळी साडेसहाची एक गाडी वाढली, तर कितीतरी मुलींची अर्धी लढाई तिथेच संपेल.

येत्या ८ मार्चला तुम्हालाही कुठल्या तरी कॉलेजचं बोलावणं येईल. जरूर जा. फक्त कार्यक्रमाची वेळ मुलींना विचारून ठरवायला सांगा. आणि आगारप्रमुखांना द्यायचा अर्ज सोबत न्या. सह्या तिथे हव्या तेवढ्या मिळतील.