महाविद्यालयीन पाल्य आणि अमेरिकेतील प्राप्तिकर

अमेरिकेच्या संघीय प्राप्तिकर विवरणपत्रात महाविद्यालयात शिकणाऱ्या पाल्याची नोंद ‘अवलंबित’ म्हणून करण्याचा अधिकार पालकांना काही अटींवर मिळतो. शिक्षणखर्चावरील सवलत, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विवरणपत्रातील वजावट आणि क्वचित प्रसंगी सरकारी साहाय्य या गोष्टी त्या एका नोंदीला बांधलेल्या असतात. २०१७ आणि २०२५ च्या करकायद्यांमुळे या नोंदीचे आर्थिक मोल बरेच बदलले आहे. भारतात अशी नोंद नाही. तेथे जुन्या करप्रणालीत दोन अपत्यांचे शिक्षणशुल्क आणि शैक्षणिक कर्जावरील व्याज वजा करता येते, एवढेच.

अवलंबित कोण?

सर्वसाधारण वयोमर्यादा १९ वर्षांखालील आहे. वर्षातील किमान पाच महिने पूर्णवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ती २४ वर्षांखालील होते आणि वय ३१ डिसेंबरचे धरले जाते. पाल्य वर्षाचा अर्ध्याहून अधिक काळ पालकांच्या घरी राहिलेला असावा लागतो. शिक्षणासाठी वसतिगृहात काढलेले महिने घरीच काढले असे मानले जाते, त्यामुळे न्यू जर्सीतील घर सोडून कॅलिफोर्नियात शिकणारी मुलगी या अटीत बसते. मे महिन्यात पदवी घेऊन जूनपासून स्वतःच्या बिऱ्हाडात राहू लागलेला मुलगा मात्र त्या वर्षी अडतो. त्याचे शिक्षणाचे पाच महिने भरतात, पण घरचे सहा भरत नाहीत.

खरा घोळ निर्वाहखर्चाच्या अटीत होतो. पाल्याने आपल्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक खर्च स्वतः केलेला नसावा, अशी ही अट आहे. त्याने किती कमावले हे येथे पाहिले जात नाही, कमाईतील किती रक्कम स्वतःवर खर्च केली हे पाहिले जाते. सुट्टीतील नोकरीचे पैसे बँकेत तसेच राहिले तर ते हिशोबात येत नाहीत. शिष्यवृत्तीही पाल्याने केलेला खर्च म्हणून धरली जात नाही. मात्र विद्यार्थ्याने स्वतःच्या नावे कर्ज काढून शुल्क भरले, तर ती रक्कम त्याचाच खर्च ठरते. समजा, वर्षाचा एकूण खर्च ३८,००० डॉलर असून त्यातील २०,००० डॉलर मुलाच्या नावावरील कर्जातून आले. असा मुलगा कायद्याच्या दृष्टीने अवलंबित राहत नाही, मग सुट्टीत त्याचे ताट आईच्याच हाताने वाढलेले का असेना. तेच कर्ज पालकांच्या नावे असते तर निकाल उलटा लागला असता.

विद्यार्थ्याच्या विवरणपत्रातील प्रश्नाची शब्दयोजना नीट वाचावी लागते. ‘तुम्हाला कोणी अवलंबित म्हणून दाखवले आहे का’ असे तेथे विचारलेले नसून ‘कोणी दाखवू शकते का’ असे विचारलेले असते. त्यामुळे पालकांनी हक्क सोडला तरी मुलाची प्रमाणित वजावट मर्यादितच राहते. शिक्षणखर्चाच्या सवलतीला तेवढा अपवाद आहे. पालकांनी नोंद केली नाही, तर ती सवलत विद्यार्थ्याला घेता येते, परंतु तिचा रोख परत मिळणारा भाग त्याला सहसा मिळत नाही.

सतराव्या वर्षानंतरची घसरण

२०१७ पर्यंत प्रत्येक अवलंबितामागे ४,०५० डॉलर करपात्र उत्पन्नातून वजा होत. २५ टक्के दराने कर भरणाऱ्या कुटुंबाची त्यातून सुमारे १,००० डॉलरची बचत होई. २०१७ च्या कायद्याने २०१८ पासून ही वजावट शून्यावर आणली आणि २०२५ च्या कायद्याने तो बदल कायम केला. भरपाई म्हणून करदर कमी झाले, प्रमाणित वजावट जवळजवळ दुप्पट झाली आणि टॅक्स क्रेडिट, म्हणजे देय करातून थेट वजा होणारी रक्कम, वाढवण्यात आली. परंतु या क्रेडिटची वाटणी वयानुसार आहे. १७ वर्षांखालील मुलामागे २०२५ पासून २,२०० डॉलर मिळतात, तर त्यावरील अवलंबितामागे केवळ ५००. ही ५०० डॉलरची रक्कम २०१८ पासून महागाईनुसार वाढलेली नाही. खर्चाचा आलेख चढू लागतो त्याच वयात सवलत उतरते, ही विसंगती दोन्ही कायद्यांत तशीच राहिली आहे.

शिक्षणखर्चासाठी वेगळे क्रेडिट आहे, हे खरे. पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी ते वर्षाला कमाल २,५०० डॉलर असते. पती-पत्नींचे संयुक्त उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या पुढे गेले की ते घटू लागते आणि १,८०,००० वर संपते.

या वयोगटाची उपेक्षा २०२० मध्ये ठळकपणे दिसली. कोविड साहाय्याच्या पहिल्या हप्त्यात प्रौढांना १,२०० आणि १७ वर्षांखालील मुलांमागे ५०० डॉलर मिळाले. अवलंबित म्हणून नोंदलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला स्वतःला काही मिळाले नाही आणि त्याच्यामागे पालकांनाही नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या हप्त्यातही तेच घडले. मार्च २०२१ च्या कायद्याने प्रौढ अवलंबितांमागे १,४०० डॉलर देऊन ही चूक सुधारली, पण आधीच्या दोन हप्त्यांची भरपाई अवलंबित राहिलेल्यांना झाली नाही.

व्हिसाधारक कुटुंबे

एच-१बी व्हिसावर राहणाऱ्या भारतीय कुटुंबांत मराठी कुटुंबेही आहेत आणि त्यांच्यापुढे आणखी एक अडसर आहे. एच-४ दर्जाच्या मुलांना नोकरीची परवानगी नसल्याने सहसा सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नाही. त्याऐवजी करखात्याचा आयटीआयएन क्रमांक वापरावा लागतो. त्यावर ५०० डॉलरचे क्रेडिट मिळते, लहान मुलांचे मोठे क्रेडिट मात्र मिळत नाही. २०२६ च्या करवर्षापासून शिक्षणखर्चाच्या क्रेडिटसाठीही सोशल सिक्युरिटी क्रमांक बंधनकारक झाला आहे. विवरणपत्रात मुलांचे क्रमांक मागण्याची पद्धत १९८७ च्या करवर्षापासून आली, ती खोटी अपत्ये दाखवण्याला आळा घालण्यासाठी; त्या वर्षी सुमारे ७० लाख अवलंबित विवरणपत्रांतून नाहीसे झाले होते. आता त्याच क्रमांकाअभावी खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांचा शिक्षणखर्च सवलतीबाहेर राहतो.

२१ वर्षे पूर्ण होताच एच-४ दर्जा संपतो आणि अनेक मुले एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात. एफ-१ वरील पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांचे वास्तव्य करनिवासासाठी सहसा मोजले जात नाही. त्यामुळे लहानपणापासून अमेरिकेत वाढलेली मुलगीही करापुरती अनिवासी ठरू शकते. अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक वा करनिवासी, अथवा कॅनडा किंवा मेक्सिकोची रहिवासी असावी लागते. या अटीमुळे, शुल्क पूर्णपणे पालक भरत असले तरी, तिचे नाव त्यांच्या विवरणपत्रातून गळते.