लाइट गेली तरी टोन यावा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली



मिरजेच्या आमच्या घरात आईच्या पलंगाशेजारी बटणांचा एक जुना फोन आहे. मूळचा पांढरा, आता पिवळट. तांब्याच्या तारेवर तो वीसेक वर्षं चालला. मग रस्त्याच्या खोदकामात तार तुटली, लाइनमन दोनदा येऊन मान हलवून गेला आणि फोन मुका झाला. आईने त्यावरचा क्रोशाचा रुमाल मात्र काढला नाही.

गेल्या वर्षी घरात फायबर घेतलं. भिंतीवर जो डबा बसतो त्याच्या कडेला इंटरनेटची भोकं असतात आणि शेजारी एक लहान भोक, त्यावर फोनचं चित्र. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, "ते राहू द्या काका, आजकाल कोण वापरतं!" महिन्याच्या भाड्यातच देशभरचं बोलणं धरलेलं होतं, नंबरही मिळालेला होता. ते सांगायचं त्याच्या यादीत नसावं.

मी वापरायचं ठरवलं. भिंतीवरचा रोझेट उघडला आणि बाहेरून येणारी तारांची जोडी आधी सोडवली. ती तशीच ठेवून डबा जोडला तर डबाच बिघडायचा. डब्यापासून रोझेटपर्यंत नवी वायर ओढली, साठ रुपयांची. घरातली जुनी वायरिंग शाबूत होतीच. टोन आला! पण नंबर दाबला तरी टोन तुटेना. अर्धा तास गेल्यावर फोन उलटा केला, तर पोटाशी 'टी' आणि 'पी' अशी बारीक कळ. ती 'पी'वर, म्हणजे जुन्या पल्सच्या पद्धतीवर. नखाने सरकवली आणि आईने पहिला फोन मावशीला लावला. लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावायचा हा १५ जानेवारी २०२१ पासूनचा नियम. तेवढी 'आधी शून्य' अशी चिठ्ठी फोनवर चिकटवली. साठ रुपयांत घरातला फोन बोलायला लागला.

याचं श्रेय आपल्या संस्थेलाही आहे. १ एप्रिल २००२ला इंटरनेटवरचं बोलणं आपल्याकडे खुलं झालं, पण अर्धवट. पुण्याच्या संगणकावरून न्यू जर्सीतल्या भावाचा फोन वाजवता यायचा, मिरजेतल्या आईचा नाही! ऑक्टोबर २०१७मध्ये ट्रायने शिफारशी केल्या, २०१८मध्ये दूरसंचार खात्याने मोकळीक दिली, तेव्हा हा विनोद संपला. म्हणूनच पुढचं गाऱ्हाणं आपल्याच दारी आणलं आहे.

वैशाखातली गोष्ट. संध्याकाळी पाचला वळीव आला, झाडं पडली, गावाची लाइट गेली. मी पुण्यात. आठ वाजेपर्यंत आईचा फोन लागेना. मोबाइल तिच्याकडे आहे, पण तो बहुधा कपाटात असतो. काचेवर बोट फिरवणं तिच्या थरथरत्या हाताला जमत नाही. शेवटी शेजाऱ्यांना फोन केला. ते बॅटरी घेऊन गेले तर आई अंधारात पलंगावर बसलेली, रिसीव्हर कानाला. म्हणाली, "यात आवाजच नाही. मला वाटलं, मीच ठार बहिरी झाले."

तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजमधूनच मिळायची, अठ्ठेचाळीस व्होल्ट, त्याच तारेतून. लाइट गेली की मेणबत्ती लावायची आणि वीज मंडळाला फोन करायचा, ही आपल्या घराघरातली सवय त्याच अठ्ठेचाळीस व्होल्टांवर उभी होती. काचेच्या तंतूतून उजेड येतो, वीज येत नाही. डब्याची लाइट गेली की फोन गेला, आणि त्याबरोबर ११२ही गेला. हे बसवताना कुणी सांगत नाही. अर्जावर असलंच तर भिंग लावून शोधावं लागेल.

गंमत अशी की उपाय क्षुल्लक आहे. घरोघरच्या फायबरमध्ये एक्स्चेंज आणि घर यांच्यामध्ये उजेड वाटून देणारे जे स्प्लिटर असतात, त्यांना वीज लागतच नाही. वीज लागते ती दोन टोकांना. तिकडच्या टोकाला कंपनीच्या बॅटऱ्या असतात. राहिलं आमचं टोक, बारा व्होल्टवर चालणारं. मी वहीएवढा एक मिनी यूपीएस आणून मधे लावला. डबा चारेक तास तग धरतो. पण मला हे खटपटीची आवड म्हणून कळलं. ज्या घरात दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढचे आणि मुलं परगावी, तिथे कुणी कळ सरकवायची आणि कुणी यूपीएस शोधायचा?

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१५मध्ये कंपन्यांना बांधून घेतलं, की असा फोन देताना ग्राहकाला धोका सांगा आणि मागेल त्याला आठ तासांच्या बॅटरीची सोय द्या. तीन वर्षांत ती चोवीस तासांची करा. बॅटरीचे पैसे ग्राहकाचेच. ब्रिटनमध्ये तांब्याचं जाळं गुंडाळताना, घरच्या फोनवरच ज्यांची भिस्त आहे त्यांना लाइट गेल्यावर निदान तासभर आणीबाणीचा फोन लावता यावा, ही जबाबदारी कंपन्यांवर आहे. वळीव, पूर आणि भारनियमन यांच्याशी आपलं नातं त्या दोघांपेक्षा जुनं. मी फुकट काही मागत नाही. फोनचं भोक चालू करून देतानाच बॅटरी हवी का हे विचारणं सक्तीचं करावं, आणि 'लाइट गेल्यास हा फोन बंद पडेल' हे वाक्य मराठीत, ठळक अक्षरांत डब्यावरच छापावं.

जाता जाता नंबराचं. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी आपलाच राहतो, २० जानेवारी २०११पासून देशभर. लँडलाइनला ती सोय नाही. आईचा जुना नंबर गॅसच्या पुस्तकात, डॉक्टरांच्या वहीत, बडोद्याच्या आत्याच्या पाठांतरात होता. तो गेला. आत्याला नवा पाठ होईल असं वाटत नाही.

आपला,
मिरजेचा एक लँडलाइनधारक

ता. क. : यूपीएस लावल्यापासून लाइट गेली की आई आधी रिसीव्हर उचलून टोन ऐकते, मग काड्यापेटी शोधते.