कंबरदुखीची आणेवारी

नव्या अवजाराची चाचणी घेताना तासाला किती गुंठे काम झाले व मजुरी किती वाचली, याची नोंद काटेकोरपणे ठेवली जाते. ते अवजार दिवसभर चालविणाऱ्याची कंबर किती दुखली, यासाठी मात्र तक्त्यात बहुधा रकानाच नसतो. ही उणीव दूर होणे अगत्याचे आहे.

वेदना मोजता येत नाही, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. तापासाठी थर्मामीटर आहे तसे वेदनेसाठी यंत्र नाही. ज्याला दुखते त्याचे सांगणे हेच तिचे माप होय. क्ष-किरणांच्या चित्रात गुडघ्याची झीज थोडी आणि दुखणे फार, असेही पुष्कळदा आढळते. म्हणून वैद्यकशास्त्राने त्या सांगण्यालाच शिस्त लावली. शून्य म्हणजे मुळीच वेदना नाही, दहा म्हणजे पराकाष्ठेची वेदना, ही रीत त्यातलीच. शेतीकामास याहून उपयोगी पडणारी रीत कॉर्लेट आणि बिशप यांनी १९७६ मध्ये मांडली. शरीराच्या आकृतीचे भाग पाडून, कोणता भाग सर्वांत अधिक दुखतो व त्याखालोखाल कोणता, हे कामाच्या ओघात ठराविक अंतराने विचारावयाचे.

खुरपणीस आलेल्या बाईला आकड्यांचा संकोच वाटला, तर रुपयात किती आणे दुखते, असे विचारून पाहावे. पिकाची पैसेवारी (जुनी माणसे तिला अजून आणेवारीच म्हणतात) खेड्यात सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र एकदा ठरविलेले माप मध्येच बदलू नये. एकीच्या सहा आण्यांची दुसरीच्या दहा आण्यांशी तुलनाही करू नये. त्याच बाईने एक दिवस खुरप्याने व एक दिवस हातकोळप्याने काम करावे. काम सुरू होण्यापूर्वी, दुपारी, सायंकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला विचारावे. तेही मालकाच्या समोर नव्हे. त्याच्या देखत "काही नाही, सवय आहे" एवढेच उत्तर मिळते, आणि सवय म्हणजे शून्य वेदना नव्हे.

उभ्याने चालवावयाच्या कोळप्याने कंबर सुटते, पण दांडा उंचीला जुळला नाही तर तोच भार खांद्यावर जातो. आकृतीवर हे दुपारपर्यंतच दिसून येईल व दांडा तेव्हाच खालीवर करता येईल. विचारलेच नाही, तर ते कोळपे पडवीत पडून राहते, आणि शेतकरी नवी अवजारे स्वीकारीत नाहीत असा शेरा अहवालात पडतो.